सोसायची ती सोसायटी?
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



गेली २५ वर्षे आपण जो शब्द रोज वापरतो, त्या ‘सोसायटी’बद्दल आज थोडं बोलतो.

माझं बालपण दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यात गेलं. तिथे सोसायटी म्हणजे इमारत नव्हे, पीककर्ज! सेवा सहकारी सोसायटीतून उचलायचं, कापूस विकून ३१ मार्चच्या आत भरायचं. पावसानं दगा दिला की बाबा म्हणत, “औंदा सोसायटी भरनं काई जमत नाई.” मग थकबाकीदारांच्या यादीत नाव लागे. ती यादी दिसू नये म्हणून बाबा लांबच्या वाटेनं घरी येत. म्हणत, “सोसायची ते सोसायटी!”

अमरावतीला शिकायला आलो तेव्हा कळलं, सोसायटी शाळा-कॉलेजही चालवते. डॉ. पंजाबराव देशमुखांनी स्थापलेली श्री शिवाजी एज्युकेशन सोसायटी! पुढे नोकरीनिमित्त अकोल्यात आलो आणि सोसायटी म्हणजे घर झालं.

या शब्दाचं मूळ लॅटिन ‘सोशियस’, म्हणजे सोबती. सोळाव्या शतकात फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता संगत-सोबत. पुढे संघटना, मग सगळा समाजच त्यात मावला. आपल्याकडे १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानं तो खेड्यापाड्यांत कर्जाला चिकटला. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सोसायटी निघाली आणि तो घरांनाही लागला. सोबती मात्र मागे पडला.

आता मनातलं सांगतो. मी सचिव असताना मेंटेनन्स थकलेल्यांची यादी फलकावर लावली. खाली सही माझी. त्यातल्या एका घरी मोठं आजारपण होतं, हे मला नंतर कळलं. ते गृहस्थ मागच्या जिन्यानं जाऊ लागले, तेव्हा मला बाबांची लांबची वाट आठवली.

वसुली झालीच पाहिजे. नाहीतर पंप, लिफ्ट चालणार कशी? पण नाव लावण्याआधी दोघांनी त्या घरी जावं, चहा घ्यावा, अडचण विचारावी, हप्ते बांधून द्यावेत. पुढच्या वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे. आपण सूचक-अनुमोदक व्हा.

एकमेकांचं थोडं सोसलं, तरच ती सोसायटी.

जय हिंद, जय महाराष्ट्र!