स्वदेशीची कसोटी

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त परभणी येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



राष्ट्राच्या सामर्थ्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर अग्निबाण आणि संगणक उभे राहतात. मी मात्र आज तुम्हाला आपल्याच शिवारात नेणार आहे. जागतिक स्पर्धा आमच्या शेतकऱ्याला कळते, ती बियाण्याच्या पाकिटावरच्या किमतीतून.

१९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढच्या दशकात येथून ‘परभणी क्रांती’ ही भेंडी बाहेर पडली. तोवर लोकप्रिय असलेली ‘पुसा सावनी’ केवडा रोगापुढे हतबल झाली होती. पांढरी माशी हा रोग पसरवते. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात आणि पीक हातचे जाते. आपल्या शास्त्रज्ञांनी त्या वाणाचा भेंडीच्या एका रानटी जातभाईशी संकर घडवला. पुढे पुन्हा पुन्हा मूळ वाणाशी संकर करीत, पिढ्यामागून पिढ्या, रोगाला दाद न देणारी झाडे त्यांनी निवडून काढली. काम कंटाळवाणे, छायाचित्र काढावे असे काहीच नाही! त्याच काळात विद्यापीठाच्या नांदेड केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा संकरित कापूस कोरडवाहू शेतकऱ्याने डोक्यावर घेतला.

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक मातीतल्या जिवाणूचा, पण तो कपाशीत बसवण्याची विद्या अमेरिकेतील मॉन्सँटोची. त्या विद्येचे मोल प्रत्येक पाकिटामागे शेतकऱ्याने मोजले. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या शुल्कावर मर्यादा घातली आणि २०२० मध्ये ते शून्यावर आणले. दरम्यान २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात बीटीलाही जुमानले नाही.

आता जे सांगणार आहे, ते आपल्याला रुचणार नाही. सार्वजनिक संस्थांनीही बीटी कापूस तयार केला. ‘बिकानेरी नरमा’ या वाणात आणि आपल्याच एनएचएच-४४ मध्ये आपल्या प्रयोगशाळेतला जनुक घातल्याचे जाहीर झाले. स्वदेशी बीटी म्हणून त्याचे कौतुकही झाले. पुढे तपासणीत बिकानेरी नरमात मॉन्सँटोचाच जनुक आढळला. बियाणे मागे घ्यावे लागले. डॉ. सोपोरी यांच्या समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. सरमिसळ कशी झाली यावर वाद घालता येईल, पण बियाणे शेतकऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी ती पकडली गेली नाही, यावर वाद नाही. परकीय कंपनीला दोष देणे सोपे आहे. येथे चूक आपली होती. ‘स्वदेशी’ ही अक्षरे पाकिटावर छापता येतात, जनुकावर नाही.

म्हणून पालकांना माझे सांगणे कटू वाटले तरी ऐका. बारावी विज्ञानाला मुलगा आहे, लातूरला शिकवणी लावली आहे, एवढ्याने घरात विज्ञान येत नाही. प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची पाहून उतरवली जाते, निरीक्षणाचे आकडे उत्तर ठाऊक असल्याने उलटे बेतले जातात, आणि आपण गुणपत्रिका पाहून पेढे वाटतो. मी स्वतः अशी वही लिहिली आहे. तपासणाऱ्या गुरुजींनीही हसून सही केली होती. त्या सहीचीच सवय पुढे प्रयोगशाळेत जाते.

विद्यार्थी मित्रहो, मोठ्या यंत्राची वाट पाहू नका. यंदा पेरणीपूर्वी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. सात-आठ दिवसांनी निकोप कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरण्याजोगे. कमी निघाले, तर जेवढे निघाले तेवढेच वहीत लिहा आणि ती वही वडिलांना दाखवा.