नऊ वेळा खासदार आणि आपली गावसभा

(वनहक्क शिबिरात संघटनेच्या एका तरुण कार्यकर्त्याने केलेले भाषण. जून 2009)



पाऊस तोंडावर आलाय, पेरणीची घाई आहे. तरी काम टाकून तुम्ही डोंगर उतरून आलात. म्हणून जास्त लांबण लावत नाही. मला आज खासदार माणिकराव दादा गावित यांच्याविषयी बोलायला सांगितलं आहे. काही जण म्हणतील, आपला झेंडा वेगळा, त्यांचा पक्ष वेगळा, मग त्यांचं नाव इथे कशाला? कशाला ते सांगतो.

या 1 जूनला दिल्लीत नवीन लोकसभा भरली. कायमचा सभापती निवडला जाईपर्यंत एका जुन्या, अनुभवी खासदाराला त्या खुर्चीवर बसवतात. त्याला हंगामी सभापती म्हणतात. यंदा त्या खुर्चीवर नंदुरबारचे माणिकराव दादा बसले. त्यांना शपथ दिली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी, त्याही आपल्या खानदेशच्याच, जळगावच्या. मग देशभरातून निवडून आलेल्या सगळ्या पक्षांच्या खासदारांनी एका आदिवासी माणसापुढे उभं राहून शपथ घेतली. ही गोष्ट लहान नाही. पक्ष बाजूला ठेवून तिचा मान आपण केला पाहिजे.

हा माणूस कुठून आला? नवापूर तालुक्यातून. सुरुवात ग्रामपंचायतीतून. मग धुळे जिल्हा परिषद, कारण तेव्हा आपला जिल्हा वेगळा नव्हता, नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 ला झाला. मग आमदार. 1981 मध्ये पोटनिवडणुकीत खासदार झाले. त्यानंतर 1984, 1989, 1991, 1996, 1998, 1999, 2004 आणि आता 2009. मोजा, नऊ वेळा. मधे 2004 मध्ये केंद्रात गृहराज्यमंत्रीही झाले. दिल्लीत किती सरकारं आली आणि पडली, पण नंदुरबारचा खासदार बदलला नाही. माझ्या वयाच्या पोरांनी दुसरा खासदार पाहिलाच नाही.

त्यांना तिथवर कोणी नेलं? आपल्या मतांनी. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शंभरातले पासष्ट माणसं आदिवासी आहेत. लोकसभेची जागा राखीव. तिच्यातल्या सहाही विधानसभा राखीव. म्हणजे खुर्चीवर आपला माणूस बसवायची ताकद आपल्यात आहे, हे अठ्ठावीस वर्षांत सिद्ध झालं.

आता दुसरी बाजू. खुर्ची आपली झाली, पण नेवाड जमीन आपल्या नावावर झाली का? आजा-पणजा ज्या उतारावर ज्वारी, मका, बंटी, मोर पेरत आले, त्याच्यावर कागदात अजून जंगलखात्याचं नाव आहे. आपण आपल्याच शेतात अतिक्रमणदार. नर्मदेच्या सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली 33 गावं आली. 2006 च्या मार्चमध्ये धरण 121.92 मीटरपर्यंत वाढवायची परवानगी मिळाली, तेव्हा आपले खासदार दिल्लीच्या सरकारात मंत्री होते. हा प्रश्न त्यांना विचारायचा आपला हक्क आहे. हा राग नाही. मत दिलं त्याने हिशेब मागायचा असतो.

पण खरं बोलायचं तर दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. ते मंत्री होते त्याच सरकारच्या काळात, डिसेंबर 2006 मध्ये, वनहक्काचा कायदा संसदेत पास झाला. तो कोणा एकाने दान दिलेला नाही. देशभरातल्या आदिवासींनी मोर्चे काढले, मार खाल्ला, जेल भोगली, तेव्हा तो झाला. नियम 1 जानेवारी 2008 ला आले. आणि या कायद्याने दाव्याची सुरुवात दिल्लीला ठेवली नाही, मुंबईलाही ठेवली नाही. ती आपल्या गावसभेत ठेवली.

नीट ऐका. दावा पहिल्यांदा गावसभेकडे जातो. गावसभा दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती निवडते. त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेतच. समिती जागेवर जाऊन पाहणी करते आणि गावसभा ठराव करते. 2008 च्या नियमांत ठरावाच्या सभेला दोन तृतीयांश माणसं हजर लागायची. मग कागद प्रांताच्या उपविभागीय समितीकडे, तिथून कलेक्टरच्या जिल्हा समितीकडे जातो.

या दोन समित्यांत कोण बसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नाही. प्रत्येक समितीत सहा जण. तीन साहेब लोक: महसूल, जंगलखातं, आदिवासी विकास. आणि तीन जण पंचायत समितीचे किंवा जिल्हा परिषदेचे निवडून आलेले सभासद, त्यांना जिल्हा परिषद नेमते, आणि त्यांतले किमान दोन आदिवासी. म्हणजे अर्ध्या खुर्च्या आपल्या मतांवर निवडून आलेल्यांच्या. माणिकराव दादांनी ज्या पायऱ्यांवरून सुरुवात केली, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, त्याच पायऱ्यांवर आज आपल्या जमिनीचा निकाल होतो.

तो सभासद बैठकीला जातो का? साहेब "पुरावा नाही" म्हणाले की तो काय बोलतो? का नुसती सही करून चहा पिऊन येतो? खासदाराला भेटायला नंदुरबारला गाडी करून जाणारे आपण, या सभासदाला मात्र बाजारात भेटला तरी विचारत नाही. यापुढे विचारायचं.

म्हणून प्रत्येक पाड्याने ही कामं करावीत.

एक. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो खेडतो, त्याचा दावा भरायचा. जास्तीत जास्त चार हेक्टर. नाव नवरा-बायको दोघांचं. बाईचं नाव सुटता कामा नये.

दोन. किमान दोन पुरावे लावायचे. जुनी दंडाची पावती फेकू नका, नाकेदाराने दंड केला म्हणजे तुम्ही तिथे होता हे सरकारनेच लिहून दिलं. बांध, विहीर, झोपडी, मसणवटा हेही पुरावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, फक्त तो स्वतः दावेदार नसावा.

तीन. सामूहिक दावा विसरायचा नाही. चराई, महू, तेंदू, बांबू, पाणी, देवस्थान, जंगल राखायचा हक्क. वनगावाचं महसूल गाव करायचा हक्कही याच कायद्यात आहे.

चार. दाव्याची पोच घ्यायची. नामंजूर झाला तर 60 दिवसांच्या आत वर अपील करायचं. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम 4(5) पाठ करून ठेवा. फॉर्म भरायला कोणी पैसे मागितले तर देऊ नका, संघटनेला कळवा.

पाच. यंदाच विधानसभेची निवडणूक आहे. मतं मागायला येतील त्यांना पाड्यात बसवा, पाणी द्या, आणि दाव्यांची यादी पुढे ठेवा. किती मंजूर, किती नामंजूर, किती पडून, याचं उत्तर सगळ्यांसमोर घ्या.

गडचिरोलीच्या मेंढा गावाने म्हटलंय, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. त्यातलं पहिलं अर्धं आपण नंदुरबारवाल्यांनी नऊ वेळा केलं. आता राहिलेलं अर्धं करायचं आहे. पेरणी आटोपली की पहिल्या मोकळ्या दिवशी प्रत्येक पाड्याने गावसभा बसवावी आणि दाव्यांची यादी संघटनेकडे पाठवावी.

आप की जय! जिंदाबाद!