चांदी आणि घडणावळ



लंडनच्या लिलावघरात जुनी इंग्रजी चांदीची भांडी विक्रीला येतात, तेव्हा यादीत बहुतेक वस्तूंपुढे वजन छापलेलं असतं, ट्रॉय औंसात. एक औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, आपले जवळजवळ पावणेतीन तोळे. आपला सोनार मोड घेताना घडणावळ धरत नाही. इथे मात्र उत्तम भांड्याला चांदीच्या भावाच्या कितीतरी पट बोली लागते, आणि ती सगळी घडणावळीची.

ही घडणावळ कोणाची, कधीची, हे पाहायला भांडं उपडं करावं लागतं. समजा, अठराव्या शतकाच्या शेवटची लंडनची चहादाणी आहे. तिच्या तळाशी बारीक ठसे असतात. पाऊल उचललेला सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबट्याचं मुख लंडनच्या तपासणीचं. एक अक्षर वर्ष सांगतं. ही पद्धत १४७८ पासूनची. राजाचं मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण, १७८४ ते १८९० या काळातली. आणि शेवटी घडवणाऱ्याची आद्याक्षरं. ती 'एचबी' अशी वळणदार असली, तर खरेदीदार पुढे सरसावतात. हा ठसा हेस्टर बेटमन यांचा. नवरा वारल्यावर १७६१ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने ठसा नोंदवला आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं कारखाना चालवला. कडेला मण्यांची नाजूक ओळ आणि साधा, सुबक घाट हे त्यांचं काम. मला ते भपकेदार नक्षीपेक्षा फार मोलाचं वाटतं.

फसवणूक तेव्हाही होती. १७२० पासून दर औंसाला सहा पेन्स कर बसला. मग काही कारागीर लहानशा तुकड्यावर ठसे घ्यायचे आणि तो मोठ्या भांड्याच्या तळाला डाखायचे. जाणकार आजही तळावर श्वास सोडतात. वाफ धरली की डाखाची रेघ उमटते. तळावर कधी जुनं वजनही कोरलेलं सापडतं. आजचं वजन त्याहून बरंच कमी भरलं, तर कुणीतरी घराण्याचं चिन्ह घासून काढलं असेल. जास्त भरलं, तर मागाहून काहीतरी जोडलंय.

इतकं जपून पाहायचं कारण म्हणजे यातलं फार थोडं शिल्लक उरलंय. यादवी युद्धात, १६४३ मध्ये, ऑक्सफर्डच्या कॉलेजांची चांदी पहिल्या चार्ल्स राजाच्या टांकसाळीत गेली, सैन्याच्या पगारासाठी. शतकानुशतकं टिकलेली कितीतरी भांडी १९८० च्या जानेवारीत चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेल्यावर मुशीत पडली. तेव्हा विकणाऱ्यांनी फक्त वजन पाहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

सध्या साधे चमचे आणि ताटं पुष्कळदा मोडीच्या भावाच्या आसपास मिळतात. कुणी घेतली, तर रोज वापरावीत. वापरातली चांदी सहसा काळी पडत नाही. कोमट पाण्यात हाताने धुवावीत, लगेच कोरडी करावीत. पॉलिश मात्र क्वचितच लावावं, आणि ठशांवर कधीही घासू नये.