भाजलेली माती



वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्यातल्या देवाणघेवाणीवर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या या परिषदेत लातूरकरांच्या वतीनं मी तुमचं स्वागत करतो. आपल्याकडे स्वागताध्यक्ष कसा निवडतात हे काही गुपित नाही. मांडव, जेवण आणि गाड्यांची सोय ज्याच्याकडून होते त्याच्या गळ्यात माळ पडते, मग त्याला विषयातलं कळो वा न कळो. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीनं जेवणाची बाजू उचलली म्हणून मी इथं उभा आहे. माझ्याकडे तुमच्या विषयाची पदवी नाही. मी सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवतो.

तरी परिषदेसाठी गाव मात्र तुम्ही बरोबर निवडलंत. लातूर म्हटलं की लोकांना शिकवण्या आठवतात, नाही तर 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे आठवते. पण इथल्या बाजार समितीत चक्कर मारा. आवारात उतरणारा माल मुख्यतः सोयाबीन, तूर आणि हरभरा. तिन्ही पिकं मुळांवर गाठी धरणारी, म्हणजे जिवाणूंच्या भागीदारीत चालणारी. हा सगळा व्यवहार त्या भागीदारीवर उभा आहे, पण आडत्याच्या पट्टीवर तिचं नाव कुठं येत नाही.

आमचा आणि तुमच्या शास्त्राचा पहिला संबंध येतो तो पेरणीच्या आदल्या दिवशी. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचं जिवाणू संवर्धकाचं पाकीट. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. हे आता आम्हाला पाठ झालंय. पाकिटात ग्रॅममागे किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असावेत असा खत नियंत्रण आदेशाचा नियम आहे. कारखान्यातून निघताना ते असतीलही. पण मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटात जूनला किती उरतात? आणि बियाण्यावर आधीच बसलेल्या बुरशीनाशकाच्या थराशेजारी रात्रभर राहून सकाळी पाभरीतून मातीत पडेपर्यंत किती? मेलेल्या विरजणानं दही लागत नाही, हे घरातल्या बाईला कळतं. पाकिटातला जिवाणू मेला की जिवंत, हे मात्र आम्हाला पंचेचाळीस दिवसांनी कळतं, तेही रोप खणून पाहिलं तर.

ते खणणंही नीट व्हावं लागतं. झाड धरून उपटलं तर निम्म्या गाठी काळ्या मातीतच राहतात आणि गडी सांगतो, ‘गाठी नाहीत.’ म्हणून खुरप्यानं ढेकळासकट काढायचं, बादलीत भिजवायचं, हलक्या हातानं धुवायचं. मुळाच्या बाजूला चिकटलेली आणि बोटानं सहज सुटून येणारी ती जिवाणूची गाठ. मूळच सुजलंय आणि गाठ काही सुटत नाही, तर ते सूत्रकृमीचं काम. जिवाणूची गाठ नखानं चिरली आणि आत गुलाबी निघाली म्हणजे कारखाना चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातलं एक प्रथिन तिथं प्राणवायू धरून ठेवतं, कारण नत्र पकडणारं विकर मोकळ्या प्राणवायूत निकामी होतं. गाठ आतून हिरवी किंवा पांढरी निघाली, तर ती नुसतीच जागा अडवून बसलेली. मुळावर गाठी मोजता येतात, पण चिरल्याशिवाय त्यांची किंमत कळत नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या प्रबंधांत गाठींची संख्या असते. त्यातल्या गुलाबी किती, याचाही एक रकाना असावा, ही माझी भाबडी सूचना.

आता एक जुनी हकीकत सांगतो. तुमचे गाईड ती जाणतात, पण ती विद्यार्थ्यांसमोर मोठ्यानं सांगायला हवी.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू या तिघांनी 1857 पासून एक प्रयोग केला. झाडं हवेतला नत्र घेतात का, हा प्रश्न. तिघेही कमालीचे काटेकोर. मातीत आधीचा नत्र राहू नये म्हणून त्यांनी ती भाजून काढली आणि रोपं काचेखाली वाढवली. उत्तर आलं : नाही, घेत नाहीत. अगदी शेंगवर्गीय पिकंसुद्धा नाहीत. इतका स्वच्छ प्रयोग, त्यामुळे त्यावर बोट ठेवणार कोण? पण जो जीव हे काम करतो तो त्या भाजण्यातच मेला होता. हे कळायला पुढं जवळजवळ तीस वर्षं गेली.

जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी नत्र नसलेल्या वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणा लावला. ओट शहाण्यासारखा वागला. जितकं नायट्रेट दिलं तितका वाढला. वाटाण्यानं मात्र तक्ताच बिघडवला. एकसारख्या कुंड्या, एकसारखी वाळू, एकसारखं पाणी, तरी एका कुंडीत रोप उपासमारीनं पिवळं पडून मरतंय आणि शेजारच्या कुंडीत हिरवंगार उभं आहे. आजचा विद्यार्थी काय करेल? ‘आउटलायर’ म्हणून ते रीडिंग काढून टाकेल, नाही तर गाईडला कळायच्या आत कुंड्या बदलेल. त्या दोघांनी हिरव्या रोपांची मुळं पाहिली, तर त्यांना गाठी दिसल्या. मग शेतातल्या मातीचं पाणी कुंड्यांत घातलं आणि वाटाणा वाढला. तेच पाणी तापवून घातलं तर वाढला नाही. 1886 मध्ये बर्लिनला त्यांनी हे जाहीर केलं. 1888 मध्ये हॉलंडच्या बायेरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. बिघडलेल्या कुंड्या फेकल्या असत्या तर हा शोध आणखी किती वर्षं लांबला असता कोण जाणे.

हे सगळं लातूरला सांगायचं कारण असं. एम.एस्सी. कृषीच्या विद्यार्थ्याकडे कागदावर दोन वर्षं असतात. प्रवेश लांबतात, अभ्यासक्रमात पहिलं वर्ष जातं, सिनॉप्सिस मंजूर व्हायला वेळ लागतो. बहुतेकांच्या वाट्याला एकच खरीप येतो. त्यात सोयाबीनचा जिवाणू मंद वाढणारा, प्लेटवर ठिपका दिसायलाच आठवडा घेणारा. आणि त्या एका खरिपात आमच्याकडे पंचवीस दिवसांचा खंड पडला, की तुमच्या सगळ्या ट्रीटमेंट सारख्याच सुकतात आणि तक्त्यात एन.एस. लिहिलं जातं. ‘नॉन-सिग्निफिकंट’ आलं की विद्यार्थ्याचा चेहरा नापास झाल्यासारखा होतो. खरं तर दुष्काळी वर्षात जिवाणूनं काम केलं नाही, ही माहिती आमच्या दृष्टीनं लाखमोलाची आहे. पण ती छापून येत नाही. छापून येतो तो चांगल्या पावसाचा निकाल, आणि आमच्याकडची बरीचशी वर्षं चांगल्या पावसाची नसतात.

उतावीळपणा या विषयाला मानवत नाही. तुरीचा वांझ रोग घ्या. 1931 मध्ये बिहारमधल्या पुसा इथून त्याची नोंद झाली. कोळी तो पसरवतो हेही पुढं कळलं. पण मागचा विषाणू नक्की कोणता, हे इथून जवळच, पाटणचेरूच्या इक्रिसॅटमधल्या शास्त्रज्ञांनी धरून दाखवेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षं गेली. दरम्यान बदनापूरच्या केंद्रानं मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारी बी.एस.एम.आर. 736 सारखी वाणं दिली, ती आम्ही पेरली, कर्ज फेडलं. कारण सापडायच्या आधी उपाय सापडला. पण रोगकारक जीव बदलत राहतो, म्हणून कारणाचा शोधही थांबवून चालत नाही.

माझी दुसरी खंत आयसोलेटची. विद्यार्थी आमच्या बांधावर येतो, मूळ नेतो, दोन वर्षं खपून पंधरा-वीस जिवाणू वेगळे करतो, एखादा खरोखर दमदार निघतो. व्हायवा होतो. प्रबंध ग्रंथालयात जातो, विद्यार्थी बँकेच्या परीक्षेला बसतो, आणि स्लँट फ्रिजमध्ये वाळून जातात. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. उत्तर प्रदेशात मऊ इथं भारतीय कृषी संशोधन परिषदेचा शेतीउपयोगी सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. प्रबंधाची प्रत जमा केल्याशिवाय पदवी देत नाही, तशी दमदार आयसोलेटची कुपी संग्रहात जमा केल्याची पावती मागायला काय हरकत आहे? इथं कुलगुरू बसलेत, म्हणून मुद्दाम बोललो.

आणि नुसतं मागून कसं चालेल? आमच्या कंपनीच्या संचालक मंडळानं ठराव केला आहे. औसा रस्त्यावरची दोन एकर काळी जमीन विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी सलग दहा वर्षं राखून ठेवायची. भाडं नाही. अटी तीन. एका विद्यार्थ्यानं सोडलेला वाफा पुढच्यानं तिथूनच उचलायचा. कुठल्या वाफ्यात काय टाकलं याची वही शेतावरच राहील. आणि चांगला-वाईट जो निकाल येईल तो मराठीत लिहून आमच्या कार्यालयाच्या फळ्यावर लागेल, एन.एस. असला तरी.

उद्या सकाळी सात वाजता वसतिगृहासमोरून गाड्या सुटतील. हरभरा सध्या गाठींवर आहे. शेजारीच तुरीचा एक पट्टा मर रोगानं बसलाय. त्यातल्या झाडाचा बुंधा उभा चिरून आतल्या तपकिरी रेषा ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी चाकू आणावा. खुरपी आणि बादल्या आम्ही देऊ. बूट घालून या, दव असतं. नाश्ता शेतावरच आहे : धपाटे, दही आणि शेंगाची चटणी.