सहीच्या आधी

१८९६ साली मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दंड ठणकला. मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली गेली.

हाफकिन यांचं धाडस मोठंच. पण कैद्याने दिलेला होकार कितपत मोकळा असतो? आजचं संशोधन-नीतिशास्त्र नेमकं इथेच थबकतं.

भारतात २०१९च्या नियमांनुसार नव्या औषधाच्या चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. समितीत किमान सात जण, त्यातला एक तरी सर्वसामान्य नागरिक असावा लागतो. ही मला फार शहाणपणाची तरतूद वाटते, कारण ‘हे मला कळलं नाही’ असं म्हणणारं कुणीतरी टेबलाशी हवंच. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते.

तुमच्यापुढे कुणी अशा चाचणीचं संमतीपत्र ठेवलंच, तर ते मराठीत मागा. घरी नेऊन वाचा. त्रास झाल्यास रात्री फोन कुणाला करायचा, हे विचारा. आणि सही केल्यानंतरही, कारण न सांगता, चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येतं. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.