बाई बाजूला नको, पद्धत बदलू या

(प्रभागसंघाच्या मेळाव्यात क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आज मी नाचाबद्दल बोलणार आहे. हसू नका! बँक लिंकेज, हप्ते, नोंदवह्या यावर आपण दर महिन्याला बोलतोच. पण नाच शिकवणाऱ्या एका शाळेचा विचार आपल्या गटांच्या फार कामाचा आहे, म्हणून तो सांगते.

आधी मला सांगा, भोंडल्याचा फेर धरताना आपण कुणाला बाजूला बसवतो? जिचा पाय अधू आहे तिला. जिला दिसत नाही तिला. आपण मायेनेच म्हणतो, "तू बस गं, टाळ्या वाजव." त्यात वाईट हेतू नसतो. पण अशी बाजूला बसलेली बाई पुढे हळदीकुंकवालाही बाजूला बसते, ग्रामसभेच्या दिवशी घरी राहते, आणि गट बांधायची वेळ येते तेव्हा तिचं नावच कुणाला आठवत नाही. मग तिला ना बचत, ना कर्ज, ना चार बायकांत बसणं.

आता त्या शाळेकडे येते. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात यूजीन नावाचं शहर आहे. तिथे १९८७ साली अलीतो अलेसी आणि करेन नेल्सन या दोन नृत्यकलाकारांनी दिव्यांग आणि दिव्यांग नसलेल्या माणसांना एकत्र घेऊन नाचाचं शिबिर घेतलं. त्यातून 'डान्सअ‍ॅबिलिटी' ही शिकवण्याची पद्धत उभी राहिली. पुढे अलेसी यांनी अनेक देशांत ती शिकवणारे शिक्षक तयार केले.

या पद्धतीच्या मुळाशी एक नाच आहे. स्टीव्ह पॅक्स्टन यांनी तो १९७२ साली सुरू केला. त्यात ठरलेल्या स्टेप नसतात. दोघं एकमेकांना स्पर्श करतात, एकमेकांवर वजन टाकतात, तोल सांभाळतात आणि त्यातून जे घडतं तोच नाच. आपल्याला हे समजायला अवघड नाही. फुगडी घालताना काय करतो आपण? हात धरून मागे रेलतो आणि समोरचीच्या वजनावर आपला तोल धरतो. समोर बारकी पोरगी असली की आपोआप वेग सांभाळतो, हात बेताने ओढतो. फुगडी तीच, पण जोडीदारणीप्रमाणे आपण बदलतो. बस, हेच.

आता त्या वर्गात शिक्षक काय करतो ते ऐका. तो मनात धडा ठरवून येऊन सगळ्यांना तो लादत नाही. आधी बघतो, आज इथे कोण कोण आहे? या सगळ्यांना मिळून काय काय करता येतं? श्वास सगळ्यांना घेता येतो. कुणी हात हलवेल, कुणी मान, कुणी नुसती नजर. थांबणं तर सगळ्यांना येतं. सुरुवात तिथून होते.

तो "उभे राहा" म्हणाला, तर चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथेच बाहेर पडला. म्हणून तो म्हणतो, "तुमच्या जागेवरून हला." मग कुणी चालतं, कुणी खुर्ची फिरवतं, कुणी सरपटतं. नुसतं करून दाखवलं तर न दिसणारा सुटतो, नुसतं बोललं तर न ऐकू येणारा सुटतो. म्हणून दाखवायचंही आणि बोलायचंही.

या पद्धतीत चार गोष्टींचा सराव असतो. आपल्या अंगात काय जाणवतंय, दुसऱ्याशी आपलं नातं काय, हळू की जलद, आणि जागेत आपला आकार कसा दिसतो. यातल्या एकाही गोष्टीला दोन धड पाय लागत नाहीत. एमरी ब्लॅकवेल नावाचे कलाकार सेरेब्रल पाल्सी असताना, चाकाची खुर्ची वापरत, अलेसी यांच्या जोडीने मंचावर नाचले आहेत.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सुधा चंद्रन आहेतच की. हो. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, तरी जयपूर फूट लावून त्या पुन्हा भरतनाट्यम नाचल्या. 'नाचे मयूरी' अनेकींनी पाहिला असेल. त्यांच्या जिद्दीला सलामच. पण प्रत्येक दिव्यांग बाईने आधी अशी जिद्द दाखवावी आणि मगच आपण तिला जागा द्यावी, असं का? या शाळेचं म्हणणं वेगळं आहे. एखाद्याला धडा करता येत नसेल, तर चूक धड्याची आहे, माणसाची नाही. धडा बदला.

आता आपल्या गटाकडे बघा. बैठक देवळाच्या उंच ओट्यावर असेल आणि एखादीला पायऱ्या चढता येत नसतील, तर ओटा बदला. इतिवृत्त भरभर वाचलं जातं आणि एखादीला कमी ऐकू येतं, तर तिच्याकडे तोंड करून सावकाश वाचा. एखादीला दिसत नाही, तर तिची बचत आणि कर्जबाकी तिला दर वेळी बोलून सांगा, नोटा तिच्या हातात मोजून द्या.

दिव्यांगत्व म्हणजे फक्त पाय किंवा डोळे नव्हेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. त्यात मानसिक आजार आहे, कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या व्यक्ती आहेत, सिकलसेलही आहे. म्हणजे अशी बाई आपल्या गल्लीत आहे, फक्त आपण तिला मोजलेलं नाही.

काही जणी विचारतील, ती हप्ता कुठून भरणार? हे तिलाच विचारा ना! शेळी पाळते का, शिवणकाम करते का, तिच्या मनात काय आहे? बचतीचा नियम तिलाही तोच, परतफेडीचाही तोच. त्या वर्गातही कुणाला दयेने सोडून देत नाहीत, सगळ्यांना काम असतं. आपण तिला माफी द्यायची नाही, जागा द्यायची आहे.

राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात दिव्यांग महिलांचा गट ५ जणींचाही करता येतो. ज्यांना तसा हवा त्यांनी जरूर करावा. पण "तुमचा वेगळा गट करा" म्हणून आपण हात झटकू नयेत. आधी आपल्या गटाचं दार उघडं आहे का, ते बघू.

बैठक थोडी लांबेल, हे खरं. पण सावकाश वाचलेलं इतिवृत्त सगळ्यांनाच कळतं. ज्या मावशी लाजून "कळलं" म्हणतात, त्यांनाही.

तर पुढच्या बैठकीत तीन कामं करा. वस्तीतल्या कोणकोणत्या बायका कुठल्याच गटात नाहीत, त्यांची नावं काढा. दोघी जणी घरी जाऊन त्यांच्याशीच बोला, घरच्यांशी नव्हे. आणि आपली कोणती पद्धत त्यांना अडवते, ती बदलायचा ठराव इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी गटात आले की दशसूत्रीच्या आधी तेच पान उघडायला सांगणार आहे.

आणि यंदाच्या भोंडल्याला फेर बसून धरून बघा. हात तर सगळ्यांचे गुंफता येतात.