वर जमीन, खाली कोळसा

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची अतिप्राचीन पर्वतराजी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे पसरलेली आहे. हिमालयाच्या मानाने तिचे डोंगर ठेंगणेच. परंतु ते दाट अरण्याने झाकलेले असून त्यांच्या पोटात कोळशाचे थर आहेत. केंटकी राज्यातील अरुंद दऱ्यांत राहणाऱ्या शेतकऱ्यांना या कोळशाचे खरे मोल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाऊक नव्हते. ते शहरांतील भांडवलदारांना ठाऊक होते. त्यांचे दलाल दारोदार हिंडले आणि एकरी अर्धा डॉलर ते काही डॉलर अशा भावाने जमिनीखालील खनिजाचे हक्क लिहून घेऊन गेले. लिहून देणाऱ्यांपैकी कित्येकांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी सहीच्या जागी फुली मारली.

या खरेदीखतांतील भाषा मोठी ऐसपैस होती. कोळसा काढण्यास जे जे आवश्यक अथवा सोयीचे असेल ते ते करण्याचा अधिकार खरेदीदारास मिळाला. लाकूड तोडावे, पाणी वापरावे, रस्ते काढावेत, मळी टाकावी, आणि होणाऱ्या नुकसानीबद्दल मालकाने मात्र तक्रार करू नये! त्या काळी खाण म्हणजे डोंगरात आडवे खणलेले भुयार. वर मका पिकवावा आणि खाली कोणी खणीत असले तर खणो, एवढीच विकणाऱ्याची समजूत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बुलडोझर आले आणि वरची माती ढकलून कोळसा उघडा पाडणे स्वस्त ठरले. तेव्हा न्यायालयापुढे प्रश्न आला की, या खतात तेही बसते काय? १९५६ साली केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयाने 'बसते' असा निर्णय दिला. नांगरटीची जमीन, फळबाग, घराच्या मागचा उतार, सारे काही मालकाची संमती न घेता खरवडून काढण्यास मोकळीक मिळाली. कायद्याचा अर्थ लावताना लिहून देणाऱ्याच्या मनात काय होते याचा विचार इतका थोडा व्हावा, याचे नवल वाटते.

१९६५ च्या नोव्हेंबरात नॉट परगण्यात ऑली कोंब्स नावाची एकसष्ट वर्षांची विधवा आपल्या घरावरील उतारावर बुलडोझरच्या वाटेत जाऊन बसली. पोलिसांनी तिला हातापायांना धरून उचलून खाली नेले. त्या प्रसंगाचे छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर गेले. अमेरिकेत कृतज्ञतेचा सण घरोघरी मेजवानीने साजरा होतो. त्या वर्षीचे सणाचे जेवण ऑलीबाईंनी तुरुंगात घेतले. त्याच वर्षी त्याच परगण्यात डॅन गिब्सन नावाचा वृद्ध धर्मोपदेशक, आपला सावत्र मुलगा व्हिएतनाममध्ये लढत असताना, त्याच्या जमिनीवर बंदूक घेऊन उभा राहिला होता. ही माणसे कोणत्याही अर्थाने क्रांतिकारक नव्हती. देवधर्म मानणारी, सरकारचा मान राखणारी अशीच ती होती.

लढा पुढे दोन वाटांनी चालला. खरेदीखतांविरुद्ध केंटकीच्या विधिमंडळाने केलेले कायदे न्यायालयात टिकले नाहीत; अखेर १९८८ साली राज्यघटनाच दुरुस्त करण्याचा प्रश्न मतदारांपुढे गेला आणि शंभरात ऐंशीहून अधिकांनी दुरुस्तीच्या बाजूने मत दिले. दुसरीकडे १९७७ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने उघड्या खाणींवरील केंद्रीय कायदा झाला. खणलेला डोंगर शक्यतो पूर्वीच्या आकारास आणून द्यावा, असे त्याने ठरविले. परंतु माथा पूर्णपणे उडवून सपाट केलेल्या डोंगरास त्यात अपवाद ठेवला. या अपवादानेच पुढे अनर्थ केला. प्रथम जंगल तोडावयाचे, मग सुरुंग लावून शेकडो फूट माथा फोडावयाचा, आणि निघालेला दगड लगतच्या दरीत लोटून द्यावयाचा. या रीतीने पाचशेच्या आसपास डोंगरांचे माथे नाहीसे झाले आणि सुमारे दोन हजार मैल लांबीचे झरे-ओहोळ गाडले गेले.

वेस्ट व्हर्जिनियातील केफर्ड डोंगरावर लॅरी गिब्सन यांनी आपल्या कुळाची पन्नास एकर जमीन १९९२ साली विश्वस्त निधीत घालून राखली. एके काळी त्या जमिनीवरून मान वर करून सभोवतालची शिखरे पाहावी लागत. पुढे तीच जमीन सर्वांत उंच ठरली, कारण भोवतालचे डोंगर खाली गेले. ज्यूडी बाँड्स ही खाणकामगाराची मुलगी. नातवाने ओढ्यात उभे राहून मेलेले मासे ओंजळीत धरलेले तिने पाहिले आणि तेव्हापासून ती या कार्यात पडली. २००३ साली तिला गोल्डमन पारितोषिक मिळाले. परंतु या दोघांस सर्वाधिक विरोध शेजाऱ्यांकडूनच झाला. शेजाऱ्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. खाणीवाचून त्या दऱ्यांत रोजगार कोणता? खरा मासला असा की, १९५० च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते, आणि शतकाच्या अखेरीस ते वीस हजारांहूनही कमी उरले. माणसांची जागा सुरुंगांनी आणि प्रचंड यंत्रांनी घेतली होती.

स्वस्त नैसर्गिक वायूमुळे तेथील कोळशाची मागणी पुढे घसरली आणि अनेक कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. डोंगर मात्र परत आले नाहीत. २०२२ च्या जुलैत पूर्व केंटकीत महापूर येऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ऑलीबाईंच्या नॉट परगण्यास त्याचा सर्वांत मोठा तडाखा बसला. दऱ्यांतील घरे वाहून गेलेल्या कुटुंबांना पुन्हा वसविण्यासाठी पाण्याच्या टप्प्याबाहेरची उंच, सपाट जागा शोधावी लागली. ती सापडली जुन्या खाणींवर. नॉट परगण्यातील पूरग्रस्तांसाठी सरकारने नवी घरे बांधावयास घेतली, ती माथा कापलेल्या डोंगरांवर.